डिझेल मोटरहोममध्ये कोणतं ऑइल घालायचं? डबा फिरवा आणि मागची बाजू वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोटरहोम सेकंडहँड घेतलंय, व्हॅनच्या चासीवर बांधलेलं, २.३ लिटरचं टर्बो डिझेल, सायलेन्सरच्या आधी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर. आधीचा मालक त्यात ट्रकचं १५डब्ल्यू-४० घालायचा. पुस्तकात मात्र ५डब्ल्यू-३० लिहिलंय. एक मित्र म्हणतो, साडेतीन टनांच्या गाडीला इतकं पातळ ऑइल घातलंत तर इंजिन बसेल. दुसरा म्हणतो, फुल सिंथेटिक घाला आणि दोन वर्षं बॉनेट उघडू नका. गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरते आणि जवळजवळ निम्मं वर्ष झाकून उभी असते.

डिझेल इंजिनांच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची बारा-तेरा बहुतेक मोटरहोमवर. तेव्हा उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे घाई असणाऱ्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. पुस्तकात जो कोड दिलाय तो कोड ज्या डब्यावर आहे, ते ५डब्ल्यू-३० घाला. आणि किलोमीटर भरायची वाट न बघता वर्षातून एकदा, गाडी झाकून ठेवायच्या आधी, फिल्टरसकट बदला. दोन्ही मित्रांचं ऐकू नका. पहिल्याचा गैरसमज समजण्यासारखा आहे, दुसऱ्याचा महागात पडणारा आहे.

आधी ते पातळ-दाटचं प्रकरण मिटवू. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं. इंजिन गारठलेलं असताना ऑइल किती घट्ट होतं, एवढंच त्या पहिल्या आकड्यातून कळतं. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. म्हणजे पहिला आकडा लहान असला की थंड इंजिनात ऑइल लवकर पळतं आणि टर्बोपर्यंत लवकर पोचतं, बस. गरम झाल्यावरचा दाटपणा दुसऱ्या आकड्यात असतो. १०० अंशांवर मोजलं तर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान बसतं आणि ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ च्या. या हिशेबाने तुमचा पहिला मित्र बरोबर दिसतो. ३० हे ४० पेक्षा पातळच.

पण बेअरिंगच्या आत १०० अंश नसतात. क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या केसाएवढ्या फटीत ऑइल दाबलं जातं, ओढलं जातं, तिथे ताप जास्त असतो आणि वेगही. म्हणून ऑइलची आणखी एक चाचणी होते, १५० अंशांवर आणि जोरदार घसटीखाली. तिला एचटीएचएस म्हणतात. मोटरहोमवाल्याने एकच आकडा लक्षात ठेवायचा ठरवला तर हा ठेवावा. साध्या ३० ग्रेडला तिथे किमान २.९ (मिलिपास्कल-सेकंद) लागतात. १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७. आता गंमत बघा. युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना, एसीईए, हिच्या सी३ वर्गात बसायचं असेल तर ऑइल ३० ग्रेडचं असो की ४० चं, तिथे किमान ३.५ भरावेच लागतात. म्हणजे सी३ वर्गाचं ५डब्ल्यू-३० जिथे खरं झुंजायचं तिथे ट्रकच्या १५डब्ल्यू-४० च्या अगदी जवळ असतं. फरक पडतो तो थंड असताना, आणि तो ५डब्ल्यूच्या बाजूने.

डबा उघडून दोन बोटांत ऑइल चोळून बघणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. माझे वस्तादही तेच करायचे. बोटांना जे कळतं ते खोलीच्या तापमानाचं. १५० अंशांवर काय होतं ते बोटांनी बघायची सोय नाही, आणि नाही तेच बरं.

मात्र इथे एक सावधगिरी. प्रत्येक ५डब्ल्यू-३० सारखं नसतं. एसीईएचा सी२ वर्गही ५डब्ल्यू-३० मध्ये मिळतो आणि त्याला २.९ पुरतात. सी५ तर २.६ ते २.९ च्या पट्ट्यात असतो, म्हणून तो ३० ग्रेडमध्ये नसतोच, २० मध्ये मिळतो. ही इंधन वाचवण्यासाठी केलेली ऑइलं आहेत. ज्या इंजिनांची बेअरिंगं, पंप आणि फटी त्या हिशेबाने आखल्यात त्यांना ती चालतात, किंबहुना त्यांना तीच हवीत. पण पुस्तक सी३ मागत असताना समोर ५डब्ल्यू-३० दिसलं म्हणून सी२ उचललंत, तर भरलेलं मोटरहोम घाटात चढताना तुमच्या मित्राची भीती खरी ठरू शकते. ट्रकच्या ऑइलमध्येही अशीच जोडी आहे. अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेने २०१६ च्या डिसेंबरात सीके-४ आणि एफए-४ हे दोन दर्जे एकदमच आणले. सीके-४ जुन्या इंजिनांनाही चालतं. एफए-४ पातळ आहे, २.९ ते ३.२ चं, आणि ज्या इंजिनाच्या पुस्तकात त्याचं नाव नाही त्यात ते घालायचं नसतं. दोन्ही डब्यांवर डिझेल इंजिन ऑइल असंच छापलेलं असतं.

म्हणून म्हणतो, डबा फिरवा. पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव, मोठा आकडा, एखादं चकाकणारं चित्र. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत. तिथे तीन प्रकारचे मजकूर असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. एपीआय आणि एसीईएचे वर्ग ही पायाभूत पातळी. त्यांच्यावर गाडी बनवणाऱ्यांचे स्वतःचे कोड: मर्सिडीजचे २२९.५१, २२९.५२, फोक्सवॅगनचा ५०७ ००, फियाटचा ९.५५५३५ आणि त्यापुढे अक्षर-आकडा, असे. व्हॅनच्या चासीवरच्या मोटरहोमला असाच कुठलातरी एक लागतो, आणि तुमच्या पुस्तकातल्या ऑइलच्या तक्त्यात तो स्पष्ट छापलेला असेल. आकडा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. फियाटच्या एन२ आणि एस१ मध्ये एका अक्षराचा आणि एका आकड्याचाच फरक दिसतो, पण एस१ डीपीएफ असलेल्या गाड्यांसाठी असतं, एन२ नसतं.

तिसरा मजकूर म्हणजे शब्दांचा खेळ. "अप्रूव्हल" लिहिलं असेल तर गाडी बनवणाऱ्याने त्या ऑइलच्या चाचण्या पाहून मान्यता दिलीय. "मीट्स", "सूटेबल फॉर", "रेकमेंडेड फॉर" लिहिलं असेल तर ऑइलवाला स्वतःच्या जबाबदारीवर सांगतोय की आमचं ऑइल तिथे चालेल. ते खोटंच असतं असं नाही. कधीकधी नुसतं मान्यतेचं शुल्क भरलेलं नसतं. पण डीपीएफ आणि टर्बो असलेल्या, भरल्या वजनाने चालणाऱ्या गाडीत मी तरी मान्यता असलेलाच डबा उचलतो. मर्सिडीजसारखे उत्पादक मान्य ऑइलांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवतात, तिथे डब्याचं पूर्ण नाव पडताळता येतं.

आता ट्रकच्या ऑइलचं सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. डीपीएफच्या गाड्या नवीन होत्या तेव्हा माझं मत एकच होतं: जे चाळीस टन ओढणाऱ्या इंजिनाला पुरतं ते साडेतीन टनांच्या व्हॅनला न पुरायला काय झालं? एका गिऱ्हाइकाच्या मोटरहोममध्ये मी तीन वर्षं एपीआयच्या जुन्या सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० घातलं. इंजिन उत्तम चाललं. डीपीएफ मात्र लवकर भरला, आणि कितीही वेळा जाळून साफ केला तरी दाब खाली येईना. खोलून पाहिलं तर आत काजळी नव्हतीच, राख होती.

काजळी आणि राख यांत गल्लत होते, म्हणून जरा खोलात जातो. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी म्हणजे कार्बन. साधारण ६०० अंशांपर्यंत धूर तापवला की ती जळून जाते. गाडी हे स्वतःच करते, त्याला रिजनरेशन म्हणतात. राख येते ती ऑइलमधून. इंजिन स्वच्छ ठेवायला आणि आम्ल मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घातलेले असतात, झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. पिस्टनच्या रिंगांवरून वर गेलेलं ऑइल जळतं, पण हे धातू जळत नाहीत. ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि तिथेच राहतात. जुन्या सीआय-४ ला राखेची कमाल मर्यादाच नव्हती. ती एपीआयने २००६ मध्ये सीजे-४ पासून घातली, १ टक्का, आणि सीके-४ ला तीच आहे. सी३ ला ०.८ टक्के. सी४ ला तर ०.५ टक्केच.

हिशेब करून बघा. समजा इंजिन पाच हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल खातं. लिटरचं वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. ०.८ टक्क्यांच्या ऑइलमधून साधारण ७ ग्रॅम राख निघेल, १.५ टक्क्यांच्या ऑइलमधून जवळजवळ १३ ग्रॅम. पन्नास हजार किलोमीटरला ७० ग्रॅम विरुद्ध १३० ग्रॅम. म्हणजे फिल्टरचं आयुष्य निम्म्यावर. तुमच्या आधीच्या मालकाने किती वर्षं काय घातलं ते कळलं तर बरं. शक्य असेल तर स्कॅनर लावून डीपीएफमध्ये राख किती साठलीय आणि फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात फरक किती आहे, ते एकदा बघून घ्या. डबा सीके-४ चा असेल तर फार काही बिघडलेलं नसणार. सीआय-४ चा असेल तर इथून पुढे तरी थांबवा.

उलट, तुमच्यापैकी ज्यांच्याकडे डीपीएफ नसलेलं जुनं डिझेल आहे त्यांनी हे वाचून घाबरून महागडं कमी राखेचं ऑइल घ्यायची गरज नाही. त्या इंजिनांना १५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० छान मानवतं, आणि जास्त क्षार असलेलं ऑइल त्यांना फायद्याचंच. विशेषतः जिथे डिझेलमध्ये गंधक जास्त आहे तिथे. युरोपात डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १० भागांपर्यंत बांधलेलं आहे, अमेरिकेत १५. पण मोटरहोम घेऊन लांब लांबच्या देशांत जाणाऱ्यांना शेकडो भाग गंधक असलेलं डिझेलही भेटतं. त्याने ऑइलमधली आम्ल मारायची ताकद झपाट्याने संपते. तिथे ऑइल निम्म्या अंतरावर बदलावं. मोठ्या बसच्या चासीवरच्या घरांना ट्रकचं इंजिन असतं, त्यांना ट्रकचंच ऑइल, सीके-४ १५डब्ल्यू-४० किंवा पुस्तक सांगेल ते. त्यात वाद नाही.

आता दुसऱ्या मित्राकडे येतो. मोटरहोमचं ऑइल कसं खराब होतं हे त्याला कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मेकॅनिक लोकांनाही कळलेलं नसतं, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्या रोज धावणाऱ्या असतात.

पुस्तकात ऑइल बदलायचं अंतर तीस-चाळीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं असं लिहिलेलं असू शकतं. तो आकडा खोटा नाही. तो दिवसभर हायवेवर पळणाऱ्या माल वाहतुकीच्या व्हॅनचा आहे. तिचं ऑइल रोज तापतं, तासन् तास गरम राहतं, आत आलेलं पाणी आणि थोडंबहुत डिझेल उडून जातं. तुमच्या गाडीचं तसं नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरतं, सोबत नायट्रोजनची आणि गंधकाची आम्लं तयार करणारे वायू. इंजिन थंड असेल तर ती वाफ तिथेच थिजते. मग गाडी झाकली जाते. सहा महिने ते ओलं, आंबट मिश्रण बेअरिंगच्या धातूच्या थराला चिकटून बसतं. ऑइल सिंथेटिक असलं तरी ते आम्ल तिथेच राहतं. त्यातले क्षार मुकाट्याने आम्ल मारत संपत जातात आणि काट्यावर किलोमीटर शून्य.

म्हणूनच "गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करावी" हा सल्ला माझ्या मते मोटरहोमला मिळणारा सगळ्यात वाईट सल्ला आहे. दहा मिनिटं जागेवर चालवलेलं डिझेल धड गरम होत नाही. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. दर आठवड्याला तुम्ही चेंबरमध्ये थोडं पाणी आणि थोडं कच्चं डिझेल घालता आणि झाकण लावता. बॅटरीची काळजी असेल तर चार्जर लावून ठेवा. गाडी चालवायचीच असेल तर महिन्यातून एकदा रस्त्यावर काढा, निदान अर्धा-पाऊण तास, इंजिनाला थोडा भार पडेल अशी.

डिझेल ऑइलमध्ये उतरण्याचा दुसरा रस्ता म्हणजे खुद्द रिजनरेशन. धूर तापवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत पिस्टन खाली जात असताना उशिरा एक डिझेलचा फवारा मारतात. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांवरून खाली जातं. पेट्रोल असतं तर गरम ऑइलमधून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल तितक्या सहज उडत नाही, आणि त्यातला बायोडिझेलचा भाग तर त्याहून हट्टी. गाडीने रिजनरेशन सुरू केलं आणि तुम्ही पाच मिनिटांत मुक्कामाला पोचून चावी काढलीत, की ते अर्धवट राहतं. पुढच्या फेरीला पुन्हा सुरू. असं आठ-दहा वेळा झालं की ऑइलची पातळी वाढायला लागते.

हो, वाढायला. एक गृहस्थ फार खुशीत आले होते माझ्याकडे. त्यांचं म्हणणं, दोन वर्षांत इंजिनाने थेंबभर ऑइल खाल्लेलं नाही, उलट थोडं जास्तच दिसतंय. डिपस्टिक काढली तर पातळी मॅक्सच्या खुणेच्या दोन बोटं वर, आणि वास डिझेलचा. त्यांचं आधीचं काम करणाऱ्याने पातळी "भरपूर आहे" म्हणून शेरा मारून गाडी परत दिली होती. अशा ऑइलमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळलेलं असलं तरी त्याचा दाटपणा एक ग्रेड खाली घसरू शकतो. मग तुम्ही डब्यावरचा एचटीएचएस कितीही जपून निवडलेला असो, बेअरिंगला ते मिळतच नाही. पातळी फारच वर गेली तर ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल हवेच्या नळीत ओढलं जाऊ शकतं, आणि मग इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. चावी काढूनही थांबत नाही. ते दृश्य मी एकदाच पाहिलंय. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

तेव्हा डिपस्टिक दोन्ही बाजूंनी वाचायची. कमी झालं का, आणि वाढलं का. मोटरहोमच्या बाबतीत यात एक खास फसगत आहे. मुक्कामाला आपण चाकांखाली फळ्या किंवा पाचर घालून घर समतल करतो. घराची फरशी सपाट झाली म्हणजे इंजिन सपाट झालं असं नाही, आणि पाय खाली सोडणारे जॅक असतील तर चासीला वेगळाच कल येतो. पातळी बघायची ती चारही चाकं सपाट जमिनीवर असताना, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, आणि दर वेळी शक्यतो त्याच जागी. नव्या काही इंजिनांत डिपस्टिकच नसते, पडद्यावर पट्टी दिसते. तिथे पुस्तक सांगेल तसं.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये नवं ऑइल शे-दीडशे किलोमीटरमध्ये काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण ऑइल भरायच्या टोपणाच्या आतून पांढरट साय दिसली तर ते पाणी. लांबच्या फेरीनंतर गेली तर थिजलेली वाफ होती. गेली नाही आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड पॅकिंगकडे किंवा ऑइल कूलरकडे बघायला हवं. सेकंडहँड गाडी आहे, म्हणून तुम्हाला एक सुचवतो: पहिल्यांदा ऑइल काढाल तेव्हा मधल्या धारेतून छोटी बाटली भरून प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. लोखंड, तांबं, शिसं यांच्या प्रमाणावरून झीज कळते, सिलिकॉन वाढलेलं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय, सोडियम-पोटॅशियम असेल तर कूलंट, आणि डिझेल किती मिसळलंय तेही आकड्यात. आधीच्या मालकाच्या शब्दापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडून फिरतो. तुमच्यात तो आहे का, हे इंजिनाच्या कोडवरून आधी खात्री करा. असेल तर मी इथे सांगतोय त्या सगळ्यात "जवळपासचं चालेल" ही सवलत रद्द समजा. चुकीच्या ऑइलने किंवा डिझेल मिसळलेल्या ऑइलने त्या पट्ट्याचं रबर फुगतं, तुकडे सुटतात, ते पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि ऑइलचा दाब जातो.

बदलायचं कसं, यात नवीन काही नाही. अर्धा-पाऊण तास चालवून आणा, गरम असतानाच चेंबरचा बोल्ट काढा, थेंब थांबेपर्यंत निथळू द्या. हात भाजू नका. बोल्टचा वॉशर नवा. फिल्टरही मान्यताप्राप्त, आणि काडतुसासारखा आत बसणारा असेल तर त्याच्या सोबतच्या सगळ्या रबरी रिंगा बदला. जुनी एक रिंग आत राहिली तर गळती किंवा दाबाची तक्रार ठरलेली. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी घाला, चालू करा, बंद करा, थांबा, मग बघून भरत न्या. हे सगळं गाडी झाकून ठेवायच्या आधी. म्हणजे उभं राहण्याचे महिने इंजिन ताज्या ऑइलमध्ये काढेल. हंगाम सुरू होताना बदलणारे लोक मला नेहमी भेटतात. सहा महिने आम्लात भिजवून मग अंघोळ घालण्यासारखं आहे ते. बदलल्यावर मात्र वीसेक किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगपर्यंत नवं ऑइल पोचेल.

टर्बोचा विषय निघालाच आहे तर, त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळशा थरावर तरंगतो. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलंत तर त्या दांड्याभोवती थांबलेलं ऑइल जळून कोळशासारखं कडक होतं. एक-दोन मिनिटं जागेवर चालू द्या. तेवढ्यात खाली उतरून पायरी लावता येते.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. डब्यावरचा हा शब्द बऱ्याच देशांत जाहिरातीचा झालाय. खनिज तेलावरच कडक प्रक्रिया करून बनवलेल्या तिसऱ्या गटाच्या तेलालाही तो लावता येतो, आणि ते वाईट नसतं. मान्यतेचा कोड असेल तर आत तेल कोणत्या गटाचं आहे याची चिंता करायचं कारण नाही. वरून घालायच्या बाटल्या, घर्षण कमी करणाऱ्या, गळती थांबवणाऱ्या, इंजिन आतून धुणाऱ्या, या दुकानातच ठेवा. विशेषतः फ्लश. जुन्या इंजिनातला गाळ एकदम सुटला तर पंपाच्या जाळीशी अडकतो. आत गाळ आहे असं वाटत असेल तर योग्य ऑइल घालून दोन-तीन हजार किलोमीटरवर पुन्हा बदला, तेवढं पुरतं.

मोटरहोममध्ये जनरेटर असेल तर त्याचं ऑइल वेगळं, त्याचं चेंबर वेगळं, आणि त्याचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा. लोक इंजिनाचं ऑइल नेमाने बदलतात आणि जनरेटरला विसरतात.

तुमच्या चासीच्या पुस्तकात गरम हवामानासाठी ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल, तोच कोड त्यावर असेल, आणि तुम्ही मागे ट्रेलर जोडून भर उन्हाळ्यात डोंगरात जाणार असाल, तर ते घ्यायला माझी हरकत नाही. नाहीतर ५डब्ल्यू-३० वर थांबा. त्याच ऑइलचा एक लिटरचा बंद डबा गाडीत ठेवा. वाटेत पातळी किमान खुणेजवळ गेली आणि तुमचा ब्रँड मिळाला नाही, तर तोच कोड असलेलं दुसऱ्या ब्रँडचं बिनधास्त मिसळा. कोडही मिळाला नाही तर कमी राखेचं कुठलंही सी३ अर्धा लिटर घाला आणि घरी जा. ऑइलशिवाय चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. उरलेला फोडलेला डबा झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा आणि वर्षाच्या आत वापरून टाका. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा पूर्ण कोड लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्याच गावातल्या गॅरेजमध्ये गाडी उभी असेल आणि तिथला माणूस ट्रकच्या ऑइलचा पिंप उघडायला निघाला असेल, तेव्हा त्याला दाखवायला ती पट्टी लागेल.